कोपराची किल्ली

सायकल मला अण्णांनीच शिकवली आणि तिच्यावरून मी पडले तीही त्यांच्या डोळ्यांदेखत, हे आधी सांगून टाकते. कारण पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात ही गोष्ट "कुंदा पडली तेव्हा" अशी सुरू व्हायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, मी एकटीच कुठे उंडारत होते. मोतीबागेतल्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर एक गोल हिरवळ होती. तिच्याभोवती अण्णा सीट धरून धावत होते, "समोर बघ, समोर बघ" म्हणत होते, आणि मग त्यांनी सीट सोडली. मी समोरच बघत होते. समोर भाजीवाल्याची हातगाडी होती. डाव्या कोपरावर आदळले, आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला, आणि तरी मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "काही नाही झालं." अण्णांनी पाठ थोपटली. "शाब्बास!" म्हणाले. हात खाली लोंबत होता आणि भाजीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

आमच्या घरात शाब्बासकी मिळवायची ती अशी. अण्णा केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. सरळ रेघ आणि सरळ पाठ, या दोन गोष्टींवर त्यांची सगळी श्रद्धा. लहानपणी त्यांच्या मांडीवर मोठं गळू झालं होतं आणि गावच्या डॉक्टरने ते भूल न देता फोडलं. तेव्हा त्यांनी दातात पंचा धरला होता, पण 'आई गं' म्हणून म्हटलं नाही. ही कथा आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ते गळू माझ्या ओळखीचं झालं होतं. आई तर त्यांच्या वरताण. पुऱ्या तळताना तेलाचा थेंब हातावर उडाला तर ती फक्त दातांतून हवा ओढायची, स्स करून, आणि पुढची पुरी सोडायची. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो वर्षाच्या आत गेला, हे मला कॉलनीतल्या कुणाकडून तरी कळलं. तिच्याकडून कधीच नाही. 'दुखतंय' हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. दुखतं ते दुसऱ्यांना, पंजाब्यांना, बंगाल्यांना. आपण सोसतो. शेजारच्या चड्ढांकडे कुणाचं डोकं दुखलं तरी "हाय रब्बा" आमच्या अंगणापर्यंत यायचं आणि अण्णा पेपर खाली करून म्हणायचे, "झालं यांचं सुरू!"

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात आखडून बसलेला होता. काही केल्या सरळ होईना. मोठ्या सरकारी हॉस्पिटलातले डॉक्टर उंच, दाढीवाले सरदारजी होते. त्यांनी हात उलटसुलट करून बघितला आणि तिथल्या वर्कशॉपमधून माझ्या मापाचं एक यंत्र बनवून आणलं. दंडाला एक चामड्याचा पट्टा, मनगटाच्या वर दुसरा. दोन्हींच्या बाजूने पोलादी पट्ट्या आणि त्या कोपरापाशी बिजागरीने जोडलेल्या. बिजागरीच्या आतल्या अंगाला आट्यांची एक दांडी होती आणि तिच्या मध्यावर एक भोक. त्या भोकात बोटभर लांबीची लोखंडी किल्ली घालून फिरवली की दांडी लांब व्हायची आणि दोन्ही पट्टे एकमेकांपासून लांब ढकलायची, म्हणजे हात उघडायचा. उलटी फिरवली की सैल. कागदांवर त्याचं नाव स्प्लिंट होतं. आम्ही मशीन म्हणायचो आणि शेजारच्या बीजी, म्हणजे चड्ढांची म्हातारी आई, त्याला शिकंजा, म्हणजे कैद्याला आवळायचा चाप, म्हणायच्या. बीजींचं बरोबर होतं.

"रोज सुबह थोड़ा-सा घुमाइए," डॉक्टर अण्णांना म्हणाले. "बस खिंचाव लगे, दर्द नहीं. दर्द हो तो वहीं रोक दीजिए, उँगलियाँ सुन्न हों तो ढीला कीजिए. आपको कुछ सोचना नहीं है, बच्ची खुद बताएगी." आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती अण्णांनी परत येताना रिक्षात आईला मराठीत समजावून सांगितली. संक्रांतीनंतर परत बोलावलंय. तोवर हात बराच उघडला तर उत्तम. नाही उघडला तर चिरावं लागेल, आणि चिरूनही तो होता तसाच पक्का होऊन बसण्याची भीती आहे. आईने माझ्या मशीनवर पदर घातला, थंडी होती म्हणून की लोकांना दिसू नये म्हणून, कोण जाणे.

हल्ली गुरुग्रामला माझ्या गुडघ्यासाठी एक मुलगी येते, फिजिओ. चौदाव्या मजल्यावर लिफ्टने येते, हात धुते, माझा पाय धरते आणि विचारते, "आंटी, पेन कितना है, एक से दस में?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला हसूच फुटलं. अगं बाई, आमच्या घरी एक ते दहा कुठले, नुसता शून्य होता! "बच्ची खुद बताएगी" म्हणे. त्या भल्या माणसाने आमचं घर बघितलं नव्हतं.

मशीन चढलं आणि मी घरात अडकले. शाळेने सांगितलं, धक्का लागला तर जबाबदारी कुणाची, हात बरा झाल्यावर या. अण्णा म्हणाले, बाहेर हिंडू नकोस, लोक शंभर प्रश्न विचारतात. हात अंगापासून बाजूला ताठ निघालेला, त्यामुळे स्वेटर चढत नसे. आईने माझ्या फ्रॉकच्या डाव्या बाह्या उसवून तिथे टिचबटणं लावली आणि वरून शाल गुंडाळली. मागच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली होती. दिल्लीची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना ठाऊक आहे की त्या दिवसांत घराच्या आत बसण्यासारखी शिक्षा नाही. आत बर्फ आणि बाहेर ऊन. अख्खी कॉलनी हिरवळीवर. बायका चटया टाकून मटार सोलताहेत, सुया टकटकवत स्वेटर विणताहेत, मुळे खाताहेत मीठ लावून. पोरी पिट्ठू, म्हणजे लगोरी, खेळताहेत, सात फरश्यांची उतरंड पडली की त्यांचा कल्ला माझ्या खिडकीवर आदळायचा. दुपारी मागच्या रुळांवरून मालगाडी जायची आणि खिडकीची काच थरथरायची. संध्याकाळी घराघरांपुढे अंगीठ्या पेटायच्या, कोळशाचा धूर जमिनीलगत पसरायचा आणि सगळा आतच यायचा, माझ्या डोळ्यांत. मी रडत नसे. डोळ्यांतून पाणी यायचं ते धुराने, आणि मला धूर फार आवडायचा.

अण्णा सकाळी ऑफिसला निघण्याआधी खाटेवर माझ्या शेजारी बसत. अंघोळ झालेली, केसांना खोबरेल तेल, वर कोट. खिशातून किल्ली काढत. ती ते चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि एक जादा किल्ली देव्हाऱ्यात होती. "हं, समोर बघ," म्हणत आणि फिरवत. आधी नुसतं ओढल्यासारखं व्हायचं. मग कोपराच्या आत कुणीतरी ओली चिंधी पिळतंय असं. मी समोर बघायचे. समोर भिंत होती. अण्णा माझ्या तोंडाकडे बघायचे, माझ्या तोंडावर काही नसायचं, मग ते आणखी थोडी फिरवायचे. बरोबरच होतं त्यांचं. डॉक्टरने सांगितलं होतं, बच्ची बताएगी, आणि बच्ची काही सांगत नव्हती. "शाब्बास!" म्हणून ते उठायचे, आणि सायकलची घंटी फाटकाबाहेर वाजायची. तीच सायकल.

संध्याकाळी मशीन उतरवून हात कोमट पाण्याने पुसायचा आणि मग भिंतीवरची रेघ. ही अण्णांचीच कल्पना. चुन्याच्या भिंतीला मी हात टेकवून बसायचे, खांदा एका खुणेवर, कोपर दुसऱ्या खुणेवर, आणि अण्णा ऑफिसातल्या पेन्सिलीने मनगटाशी एक बारीक रेघ ओढायचे. हात जसा उघडेल तशी रेघ रोज थोडी खाली सरकायला हवी, जपानी पंखा उघडावा तशी. सुरुवातीला दोनतीन रेघा सरकल्या. मग थांबल्या. रोजची नवी रेघ कालच्याच रेघेवर पडायची. बारीक रेघ जाड झाली, काळी झाली, आणि अण्णा तिच्याकडे बघत उभे राहायचे, मान तिरकी करून. "कमाल आहे," म्हणायचे. "फिरवतोय तर रोज."

कमाल आईची होती. जेवणं, भांडी उरकली की ती देव्हाऱ्यातली किल्ली घेऊन यायची. "हात दे," एवढंच. आणि किल्ली उलटी फिरवायची. सकाळपासून आवळून बसलेलं सगळं सुटायचं. ते काय वाटायचं, मला आजही नीट सांगता येत नाही. डोळे मिटायचे माझे. मग ती कोमट तिळाचं तेल लावायची, अलगद, कोपराला जवळजवळ न शिवता, आणि वाटीत गूळ-दाणे ठेवायची. खाता खाता मी तिच्याकडे बघायचे, ती खिडकीबाहेर बघायची. चहाचं आधण ठेवायच्या आधी ती परत बसायची आणि किल्ली पुढे फिरवून ठेवायची, पण पुरती नाही. अण्णांच्या लक्षात येणार नाही इतपत. पाच-साडेपाचला फाटकाशी घंटी वाजायची तेव्हा किल्ली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, जागच्या जागी.

मला तिने 'सांगू नकोस' असं कधीही म्हटलं नाही. गरजच नव्हती. आमच्या घरी कुणी कुणाला काही सांगतच नसे. ती मला 'दुखतं का' असंही विचारत नव्हती आणि मी तिला 'सोडव' असंही म्हणत नव्हते. अण्णांना आई काय करते हे ठाऊक नव्हतं, आपण सोडतो म्हणून रेघ थांबलीय हे आईच्या लक्षात आलं नव्हतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. सकाळी पुढे, दुपारी मागे. हात होता तिथेच राहणार, संक्रांत येणार आणि डॉक्टर सुरी काढणार. आईला हे सांगावं तर दुपारचं ते सुटणं जाणार. अण्णांना सांगावं तर आई उघडी पडणार. आणि दुखतंय म्हणावं तर मी कोण? गळू मुकाट फोडून घेणाऱ्याची मुलगी कसली मग? त्या खाटेवर बसून मला दोघांचाही असा संताप यायचा की काय सांगू! आईचा तर जास्त. तिचा राग यायचा आणि दुपार कधी होते याची वाटही मीच बघायचे.

बीजी कधीकधी हातात काठी नि ताटलीत मुळ्याचा पराठा घेऊन यायच्या, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. खाटेवर ऐसपैस बसून मशीनला बोट लावून बघायच्या. "हाय, कुड़ी नूँ शिकंजे विच कस दित्ता," म्हणायच्या आणि मग हिंदीत मला विचारायच्या, "रोती क्यों नहीं तू? रो ले. मैं होती तो सारा मोहल्ला सिर पे उठा लेती." आई दारातून तिच्या त्या अजब हिंदीत सांगायची, "बीजी, ये बहुत शहाणी है, रोती नहीं." बीजी म्हणायच्या, "तो इसमें सयानी क्या हुई?" मला बीजी भयंकर आवडायच्या, आणि त्या गेल्या की मी अण्णांसारखी नाक मुरडून म्हणायचे, यांचं आपलं काहीतरीच!

रेघ सरकेना तसे अण्णा जास्त फिरवू लागले. मग आई जास्त सोडू लागली. दोघंही माझ्यावर माया करत होती, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की मायेला दोन टोकं असतात आणि मधे माझं कोपर आहे.

अशात गाझियाबादहून निरोप आला. माझी मावशी तिथे राहायची, काका एका कारखान्यात होते. मावशी बाळंत झाली होती आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. आईला जाणं भाग होतं. निघताना तिने डाळ-तांदूळ कुठे आहेत ते अण्णांना दाखवलं, मला शालीत गुंडाळलं, फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, बोल ना गं एकदा. "दूध उतू घालवू नका," असं अण्णांना सांगून ती गेली.

आई नाही, अण्णांनी रजा टाकलेली. सकाळी किल्ली फिरली ती फिरलीच. दुपार आली, दुपार गेली, मालगाडी गेली, कुणी "हात दे" म्हणालं नाही. संध्याकाळी मी भिंतीशी बसले आणि रेघ खाली आली. नीट दिसेल इतकी खाली. अण्णांचा आनंद काय वर्णावा! त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, मशीनसकट. "अरे वा! अरे वा रे वा! सुटला, कुंदे, सुटला हात!" दुसऱ्या दिवशी त्याच उत्साहात त्यांनी किल्ली नेहमीपेक्षा जास्त फिरवली. फिरवताना ते कसलीशी आरतीची चाल गुणगुणत होते. मी समोर बघत होते. भिंतीवर काळ्या जाड रेघेखाली ती एकटी नवी रेघ होती. आतली चिंधी पिळून पिळून आता फाटतेय असं वाटत होतं आणि अण्णा इतके खूश होते की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी शिरा केला. अण्णांना एवढा एकच पदार्थ यायचा आणि तो ते घरात काही शुभ झालं तरच करत. तुपात रवा भाजल्याचा वास, वेलची, बाहेर ऊन. स्टोव्हचा फरफराट चालला होता. मशीनच्या खाली, पालथ्या उशीवर माझं डावं मनगट टेकलेलं होतं. अण्णांनी गरमागरम शिऱ्याची स्टीलची वाटी त्या उशीवर माझ्या हाताशी ठेवली आणि उजव्या हातात चमचा दिला. मी खात होते. दोनचार घास खाल्ले असतील, आणि खाली बघितलं तर माझी करंगळी वाटीला चिकटून होती. वाटी अशी तापलेली की वाफ निघत होती. करंगळी लाल झालेली. मला काही म्हणता काही लागत नव्हतं. बोट माझं नव्हतंच. मी ते हलवायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. शेजारचं बोटही नाही.

मी घाबरले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही, नंतरही नाही. दुखत होतं तोवर हात होता. आता दुखत नव्हतं. आणि तरी, बघा घराचं वळण, मी वाटी अलगद बाजूला सरकवली, बोट शालीत लपवलं आणि अण्णांना म्हटलं, "छान झालाय शिरा."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि आई आली. मावशीकडे तिची सासू पोचली म्हणून ती पहिली बस धरून निघाली होती. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती माझ्यापाशी आली, शाल दूर केली, बोट बघितलं, दाबलं. पुन्हा दाबलं. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. मग ती उठली, देव्हाऱ्यातून किल्ली आणली आणि अण्णांच्या देखत मशीनमध्ये घालून उलटी फिरवू लागली.

"अगं, अगं, काय करतेस?" अण्णा ओरडले. "आत्ता कुठे हात सुटायला लागलाय!" त्यांनी दांडी धरली. आईने किल्ली सोडली नाही. "सोडा," ती म्हणाली. "तू सोड, तुला यातलं काही कळत नाही." "सोडा म्हणते ना!" ते दांडी एकीकडे फिरवताहेत, ती दुसरीकडे, आणि दोघांच्याही हातांना जोर, आणि दोघांपैकी कुणीही माझ्या तोंडाकडे बघत नाहीये. कोपरातून एक कळ निघाली ती थेट डोक्यात गेली.

आणि मी ओरडले. मराठीत नाही. मराठीत मला ओरडता येत नव्हतं, घरातल्या भाषेत ओरडायची सोयच नव्हती. मी हिंदीत ओरडले, पिट्ठूच्या मैदानावर पोरी ओरडतात तशी, बीजी ओरडतात तशी. "बस करो! छोड़ो मुझे! दर्द हो रहा है! कब से हो रहा है! मेरा हाथ है ये, मेरा!" आणि मग जे रडू आलं ते धुराचं नव्हतं. मोठ्यांदा, तोंड उघडं टाकून, नाक गळत. बाहेर हिरवळीवरच्या सुया थांबल्या म्हणे. बीजी काठी टेकत आमच्या दारात आल्या, एकवार तिघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शाबाश पुत्तर." आयुष्यात मिळालेली ती एकच शाब्बासकी मला पटली.

अण्णांचा हात दांडीवरून गळून पडला होता. आईने किल्ली शेवटपर्यंत उलटी फिरवली, पट्टे सोडले, मशीन खाटेवर ठेवलं. "रोज सोडते मी दुपारी," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की. मला बघवत नाही." अण्णा भिंतीवरच्या त्या काळ्या जाड रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं आता फार मोठं काहीतरी होणार. ते फक्त म्हणाले, "रिक्षा आणतो," आणि कोट न घालताच बाहेर पडले.

डॉक्टरांनी माझ्या बोटांना टाचणी लावून बघितली, इथे कळतं का, इथे कळतं का. करंगळीला बिलकुल कळत नव्हतं. नस दाबली गेलीय म्हणाले, वेळेवर आणलंत, येईल परत, पण हळूहळू. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "मैंने कहा था बच्ची बताएगी. इसने बताया नहीं?" अण्णा चष्मा काढून पुसू लागले. आई जमिनीकडे बघत होती. मग त्यांनी मला विचारलं, "क्यों बेटा, बताया क्यों नहीं?" मी आईकडे बघितलं. आम्ही तिघंही तशीच उभी. डॉक्टरांनी टेबलावरच्या पट्टीच्या गुंडाळीतून एक लांब पट्टी फाडली, आईच्या मुठीतली किल्ली तिच्यात ओवली, गाठ मारली आणि माझ्या गळ्यात घातली. "दूसरी चाबी भी इसी को दीजिए. अब कोई और नहीं घुमाएगा. ऑपरेशन की बात बाद में देखेंगे."

बोटं शुद्धीवर यायला बराच काळ गेला. आधी मुंग्या, मग आग, मग एके दिवशी आंघोळीचं पाणी करंगळीला गरम लागलं आणि मी न्हाणीघरातून ओरडले, "आई, लागलं! चटका लागला!" आणि आई बाहेर रडतेय की हसतेय ते कळेना. मग मशीन परत चढलं. पहिल्या सकाळी मी किल्ली भोकात घालून किती वेळ नुसती बसून राहिले. अण्णा समोर स्टुलावर, हात मांड्यांवर, एखादा उमेदवार बसावा तसे. मी थोडीशी फिरवली. ओढ लागली. आणखी थोडी. तिथे दुखलं. अण्णांचे ओठ हलले, मला वाटलं 'शाब्बास' येणार, तशी सवयच होती. ते खाकरले. "दुखतंय का?" म्हणाले. शब्द त्यांच्या तोंडाला नवा होता, अडखळत आला.

"हो," मी म्हटलं.

"मग राहू दे. आज एवढंच."

मी दुपारी स्वतःच थोडी सैल करायचे, संध्याकाळी परत आवळायचे. रेघ सावकाश सरकू लागली, कधी सरकायची, कधी नाही, पण सरकली तर खरी सरकायची. चिरावं लागलं नाही. हात पूर्ण सरळ झाला नाही तो नाहीच. आजही मी दोन्ही हात पुढे केले तर डावा किंचित वाकडा राहतो आणि मेट्रोत त्या हाताने वरची कडी धरताना मला टाचा उचलाव्या लागतात. सायकल मात्र मी कॉलेज संपेपर्यंत चालवली.

पण मला सांगायचंय ते मी स्वतः किल्ली फिरवली त्या पहिल्या दिवसाच्या संध्याकाळचं. मी मागच्या खोलीत खाटेवर होते, अण्णा ऑफिसातून येऊन चहा पीत होते, अंगीठीचा धूर ओसरला होता. स्वयंपाकघरात परातीत कणीक मळून ठेवलेली होती, पण पोळपाटाचा आवाज येईना. बऱ्याच वेळाने आई दारात आली. एक हात चौकटीला, एक कमरेवर. ती कधी अशी उभी राहत नसे.

"आज माझ्याच्याने पोळ्या होणार नाहीत," ती म्हणाली. "माझी कंबर दुखते."

अण्णांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, जणू याचं मी काहीतरी सांगू शकेन. मग उठले. स्वयंपाकघरात गेले आणि कणकेची परात घेऊन बाहेर आले, वर ओला पंचा झाकलेला. आमच्या क्वार्टरांच्या टोकाला एक तंदूर होता, संध्याकाळी कॉलनीतल्या पंजाबी बायका आपापली कणीक घेऊन तिथे जात आणि रोट्या लावून आणत. आमच्या घरचं कुणी कधी तिथे गेलं नव्हतं, तंदूरची रोटी म्हणजे काय, पोळी आहे का ती? मी खिडकीतून बघितलं. ओढण्या घेतलेल्या बायकांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, कोट घातलेले अण्णा परात धरून उभे होते. पाठ सरळ. बीजी त्यांना काहीतरी बोलल्या आणि सगळ्या बायका हसल्या, आणि मग अण्णाही.

रोट्या जाड होत्या, कडेने करपलेल्या. आमटीत बुडवायला मोडाव्या लागत होत्या. आई पाटावर बसली नाही, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली आणि अण्णांनी तिला वाढलं. आमटी वाढता वाढता अण्णांनी, खाली बघत, त्या नव्या शब्दाने पुन्हा विचारलं, "कधीपासून दुखतेय?"

आईने रोटीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, नीट भिजू दिला.

"कुंदा झाली तेव्हापासून," ती म्हणाली.